काटकसर करावी, पण पोटाची नव्हे

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्यात एका वेगळ्या प्रकारचे 'रुग्ण' येऊ लागतात. ते आजारी नसतात. इंजिनिअरिंग किंवा बी. कॉम. आटोपून पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला निघालेली ही मुले. बरोबर आई किंवा वडील असतात आणि मागणी ठरलेली असते : "डॉक्टरसाहेब, वर्षभर पुरतील एवढी औषधे लिहून द्या. तापाची, खोकल्याची, जुलाबाची. आणि अँटिबायोटिकचेही दोन-तीन कोर्स असू द्या. तिकडे डॉक्टरकडे जाणे परवडत नाही म्हणतात."

यांतलेच काही जण वर्ष-दीड वर्षाने पुन्हा भेटतात, आणि तेव्हा मात्र ते खरोखरचे रुग्ण असतात. वजन सात-आठ किलोंनी उतरलेले, ओठांचे कोपरे चिरलेले, जिना चढताना दम लागणारा, रात्री झोप नाही. अशीच एक मुलगी लंडनहून परतल्यावर आईबरोबर तपासायला आली होती. हिमोग्लोबिन आठच्या खाली, ब-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. मी सहज विचारले, "तिकडे दिवसभरात खात काय होतीस?" मुलगी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सकाळी कॉफी. दुपारी जमले तर सँडविच. रात्री नूडल्स." आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, रोज फोनवर तर सांगत होतीस, जेवले म्हणून!"

मुलगी खोटे बोलली ती आईवडिलांना फसवायला नव्हे. शेताच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा तिला ठाऊक होता. बाजारात सफरचंद हातात घेतले की तिच्या मनात पौंडाचे रुपये होत आणि सफरचंद परत टोपलीत जाई. ही गोष्ट तिची एकटीची नाही, म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

हिशेब मुळातच चुकतो

आपल्याकडे घराघरांत एक समजूत आहे. फी कर्जातून भरायची, आणि राहण्या-खाण्याचा खर्च पोरगा तिकडे अर्धवेळ काम करून भागवील. ही समजूत एकदा कागदावर मांडून पाहू.

ब्रिटिश सरकार विद्यार्थ्याला व्हिसा देताना राहण्या-जेवणाचा किमान खर्च धरते आणि नऊ महिन्यांची तेवढी रक्कम बँकेत दाखवायला लावते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनसाठी हा आकडा महिना १,५२९ पौंड करण्यात आला. लंडनबाहेरच्या शहरांसाठी तो १,१७१ पौंड आहे. आता कमाईची बाजू. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. एप्रिल २०२५ मध्ये तिथले २१ वर्षांवरील माणसाचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स होते. म्हणजे आठवड्याला सुमारे २४४ आणि महिन्याला सुमारे १,०५८ पौंड. एकही आठवडा न चुकता पूर्ण वीस तास काम मिळाले, तरी सरकारने धरलेल्या खर्चाला पावणेपाचशे पौंड कमीच पडतात. आणि परीक्षा, आजारपण, काम सुटणे हे धरले तर खड्डा आणखी मोठा.

हा खड्डा कशातून भरायचा? खोलीचे भाडे कमी होत नाही, फी कमी होत नाही, कर्जाचे व्याज थांबत नाही. मुलाच्या हातात असते ते फक्त ताट, झोप आणि खोलीतला हीटर. म्हणून तो तिथे कात्री लावतो. माझे म्हणणे एवढेच आहे की नेमकी हीच तीन कलमे अशी आहेत, जिथे वाचवलेला पैसा पुढे दामदुपटीने फेडावा लागतो.

उपासमारीचे कौतुक पुरे

आपल्या मनावर लहानपणापासून एक संस्कार आहे. विद्या मिळवायची तर हाल सोसलेच पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना त्यांनी काढलेले दिवस आपण शाळेपासून ऐकतो. सकाळी पावाचा तुकडा, रात्री पापडावर भागवलेली भूक आणि दिवसभर ग्रंथालय. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. त्या निष्ठेपुढे मान लवलीच पाहिजे. पण त्यांच्यासमोर दुसरा मार्गच नव्हता, हे आपण विसरतो. नाइलाजाने सोसलेल्या भुकेचा आपण आदर्श करून टाकला आणि पुढच्या पिढीला तो आपण होऊन पाळायला लावला, तर त्यात बाबासाहेबांचा गौरव नाही.

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या फिलाडेल्फियाला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. परकी हवा, कडाक्याची थंडी, सवयीचे अन्न नाही. तिथे असतानाच प्रकृती ढासळली. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. पदवी मिळाली, पण त्या पदवीने एकही वर्ष रुग्णसेवा करता आली नाही.

आता तिसरे उदाहरण पाहा. मोहनदास गांधी १८८८ ते १८९१ लंडनला कायदा शिकत होते. त्यांनीही खर्चाला कात्री लावली, पण कोठे? दोन खोल्या सोडून एका खोलीत आले. गाडीभाडे वाचवून दिवसाला आठ-दहा मैल चालले. खोलीत शेगडी आणून सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. जेवणाचा खर्च दिवसाला सव्वा शिलिंगावर आला आणि प्रकृती उलट सुधारली. आपण आजारी पडलो नाही याचे श्रेय त्यांनी आत्मकथेत त्या चालण्यालाच दिले आहे. काटकसर प्रकृतीला तारक कशी होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आणि आपली जुनी 'वार लावून जेवण्याची' पद्धत आठवा. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवे. त्यात मिंधेपण होते, जातीच्या भिंतीही होत्या, हे खरेच. पण त्यामागचा विचार शहाणपणाचा होता : विद्यार्थ्याच्या इतर गोष्टींचे पुढे पाहू, आधी त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लागली पाहिजे.

लंडनमध्येही वार लावा

तोच विचार आज चार मुले एकत्र राहतात त्या घरात वापरता येतो. चौघांनी दिवस वाटून घ्यावेत. ज्याचा वार, त्याने चौघांचे वरण-भात, भाजी, पोळी करावी. एकट्यासाठी स्वयंपाक करणे महागही पडते आणि कंटाळवाणेही होते. म्हणून तर पाकिटातल्या नूडल्सवर पाळी येते. त्या एका पाकिटात दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा असतो आणि प्रथिने फारशी नसतात.

साहित्याची अडचण नाही. साउथॉल, वेम्बली, टूटिंग, ईस्ट हॅम या भागांत भारतीय दुकाने पुष्कळ आहेत. तिथे डाळी, तांदूळ आणि कणकेची मोठी पिशवी चौघांनी मिळून घ्यावी. गोठवलेला पालक आणि मटार स्वस्त असतात, वाया जात नाहीत आणि पोषणात ताज्या भाजीला हार जात नाहीत. संध्याकाळी उशिरा मोठ्या दुकानांत त्या दिवशी संपवायच्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवतात. त्यातला पाव, दही, भाजी घ्यायला लाजण्याचे कारण नाही.

साठ किलो वजनाच्या मुलाला दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दुधातून सुमारे १७ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, पाऊण वाटी कोरड्या डाळीतून १७-१८ आणि चार पोळ्यांतून १२ च्या आसपास मिळतात. बेरीज करून पाहा, गरज भागते. यात मांसाहार नाही आणि उपाहारगृहाचे बिलही नाही. अंडी न खाणाऱ्यांनी दूध-दही वाढवावे. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत नसते, म्हणून शाकाहारी मुलांनी निघण्यापूर्वीच त्याची तपासणी करून घ्यावी.

'ड' जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या उन्हातून हे जीवनसत्त्व अंगात पुरेसे तयार होत नाही. तिथली सरकारी आरोग्यसेवाच सर्वांना थंडीच्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करायला सांगते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना ती बाराही महिने घ्यायला सुचवते. ही गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय, अगदी थोड्या पैशांत मिळते. अंगदुखी, थकवा, पाय ओढणे अशा तक्रारी घेऊन परतणाऱ्या कितीतरी मुलांना फक्त एवढेच माहीत नसते.

ऊब, हवा आणि झोप

स्वस्त खोली शोधताना मुले दोघांच्या खोलीत चौघे राहतात. तिथल्या नियमाप्रमाणे पाच किंवा अधिक जणांना भाड्याने दिलेल्या सामाईक घरास परवाना लागतो. अशा घरात एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट, आणि दोघांच्या खोलीचे १०.२२ चौरस मीटर असावेच लागते. खोली पाहताना हे विचारावे. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर भाडे कितीही कमी असो, ती खोली नको. बुरशीने दमा आणि सर्दी-खोकला बळावतो. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवावे, ओले कपडे खोलीत वाळवू नयेत आणि थंडीतही रोज दहा मिनिटे खिडकी उघडावी.

विजेचे बिल वाचवण्यासाठी हीटर पूर्ण बंद ठेवणारी मुलेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते थंड प्रदेशात घरातले तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये. आणि एक कळकळीचे सांगणे : ऊब यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस कदापि पेटता ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही.

क्षयाबद्दलही सांगितले पाहिजे. व्हिसापूर्वी छातीचा एक्स-रे काढावा लागतो, म्हणून घरचे निश्चिंत होतात. त्या दिवशी फुफ्फुसाचा क्षय दिसला नाही, एवढेच तो सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात हे जंतू सुप्त असतात. अपुरे अन्न मिळू लागले की ते डोके वर काढतात. आनंदीबाईंच्या काळी या रोगावर औषध नव्हते. आज आहे, आणि इंग्लंडमध्ये क्षयाचा उपचार कोणालाही मोफत मिळतो. दोन-तीन आठवडे खोकला हटला नाही, रात्री घाम येऊ लागला, वजन उतरू लागले, तर घरून आणलेल्या गोळ्या चघळत बसू नये.

झोपेचेही तसेच. रात्रपाळीचे काम जास्त मिळते म्हणून मुले ते धरतात आणि सकाळी वर्गात डुलक्या घेतात. काही जण तर वीस तासांची मर्यादा मोडून रोखीने काम करतात. त्यात शरीराची दैना होतेच, वर व्हिसाही धोक्यात येतो.

पैसे तर आधीच भरले आहेत!

आता त्या औषधांच्या यादीकडे वळू. "तिकडे डॉक्टर परवडत नाही" ही इंग्लंडपुरती तरी निव्वळ चुकीची समजूत आहे. व्हिसाचा अर्ज करतानाच विद्यार्थ्याकडून आरोग्य अधिभार घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा असतो, त्यामुळे अधिभार १,१६४ पौंड होतो. म्हणजे लाखाच्या वर रुपये मुलाने विमानात बसण्यापूर्वीच भरलेले असतात! एवढे भरून तो घरून नेलेल्या अर्धवट अँटिबायोटिकवर ताप काढतो, याला काटकसर कसे म्हणावे?

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जी.पी.कडे, म्हणजे तिथल्या भागातील डॉक्टरकडे, नाव नोंदवावे. नोंदणी मोफत आहे आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा असलाच पाहिजे असे नाही. तपासणीचे आणि रुग्णालयात दाखल झाल्याचे पैसे पडत नाहीत. चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला मात्र शुल्क आहे. २०२५ मध्ये ते ९ पौंड ९० पेन्स होते. कमी उत्पन्नाच्या माणसाने 'एच.सी. १' हा अर्ज भरला तर त्यातूनही सूट मिळू शकते. घसा दुखणे, स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा दाह अशा सात तक्रारींवर जानेवारी २०२४ पासून औषधाच्या दुकानातले फार्मासिस्टच सल्ला आणि लागेल ते औषध देऊ शकतात. काय करावे कळत नसेल तर १११ आणि जिवावर बेतले तर ९९९ हे दूरध्वनी क्रमांक पाठ असावेत. मन फारच खचले, नको ते विचार येऊ लागले, तर १११ लावून २ दाबावे. मानसिक संकटातल्यांसाठी ती सोय आहे.

दातांची गोष्ट निराळी. तिथे दाताच्या उपचाराला पैसे पडतात आणि डॉक्टरची वेळ मिळायलाही कठीण. म्हणून किडलेले दात, चष्मा आणि राहिलेल्या लसी ही कामे इथूनच उरकून जावे. माझ्याकडे औषधांचे पोते मागण्यापेक्षा ही तीन कामे जास्त उपयोगाची आहेत.

मग कात्री कोठे लावावी?

पूर्णवेळ विद्यार्थ्याला तिथला घरावरचा स्थानिक कर माफ आहे. त्याचा दाखला विद्यापीठातून घ्यावा. प्रवासासाठी विद्यार्थ्यांचे ऑयस्टर ओळखपत्र काढले तर पासात ३० टक्के सवलत मिळते. भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त, आणि एकदा भाडे दिले की तासाभरात बस कितीही बदलता येतात. तीन-चार किलोमीटर असेल तर चालावे. त्यात प्रकृतीचाही लाभ आहे. घराची अनामत रक्कम साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि मालकाने ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. हे ठाऊक असले म्हणजे पैसे बुडत नाहीत. पुस्तके ग्रंथालयातून घ्यावीत. नवा फोन, ब्रँडचे बूट, सुटीत युरोपची सहल हे सर्व पुढच्या पगारावर ठेवावे.

आणि अगदीच हात तोकडा पडला तर विद्यापीठाच्या विद्यार्थी कार्यालयात जाऊन सांगावे. बहुतेक विद्यापीठांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी निधी असतो आणि समुपदेशकही असतो. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात कोणीही जाऊन पंगतीत बसावे, तिथे जात-धर्म विचारत नाहीत. १९३२ पासून चालत आलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळही आहे. गणपतीला तिथे गेलेल्या मुलाला चार ओळखी मिळतात, आणि एकटेपणावर ओळखीसारखे औषध नाही.

पालकांनो, थोडे तुमच्याशी

मुलांना दोष देणे सोपे आहे. पण मुले आकडे तुमच्या चेहऱ्यावर वाचतात. फोनवर आपले पहिले वाक्य कोणते असते, ते आठवून पाहा. "काम मिळाले का? किती पाठवशील?" हे विचारून झाल्यावर "जेवलास का?" म्हटले, तर तो "जेवलो" हेच उत्तर देणार.

निघण्यापूर्वी एक दिवस मुलाला घेऊन बसा. वर्षभराच्या खर्चाची वही करा आणि त्यात जेवण हे पहिले कलम घाला. त्याला स्पष्ट सांगा की हे पैसे खाण्याचे आहेत, यातून वाचवून दाखवू नकोस. हिशेब जुळत नसेल तर लंडनऐवजी स्वस्त शहर निवडा. वर्षभर थांबा, किंवा जाऊच नका. यात कमीपणा नाही. मुलाला पोळ्या लाटायला, वरणाला फोडणी द्यायला शिकवा, मुलगा असला तरी. आणि फोनवर "जेवलास का?" न विचारता "आज वार कोणाचा होता, आणि काय केले होते?" असे विचारा. या प्रश्नाला खोटे उत्तर देणे जरा अवघड जाते.

त्या मुलीचे रक्त आता भरून आले आहे. चार महिने औषधे चालली. मध्यंतरी ती दवाखान्यात आली तेव्हा आईने मला सांगितले, "डॉक्टर, कर्ज काय, सात वर्षांत फिटेल. हिने मला फक्त एकदा सांगायला हवे होते." मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मला वाटते, एकदा सांगायला नव्हे, आपण तिला एकदा नीट विचारायला हवे होते.